बंद पॅनेलमधली वीज

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. हर्णै बंदरातल्या नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, लिलाव थांबतात आणि मासळीवर अवलंबून असलेल्या बर्फाच्या कारखान्यांचे कामही हलके होते. एरवी रात्रंदिवस चालणाऱ्या कॉम्प्रेसरला उसंत मिळते ती याच दिवसांत. साहजिकच मोटारी आणि त्या चालू-बंद करणारी पॅनेल उघडणे, साफ करणे, दुरुस्तीला काढणे ही कामेही याच सुमारास निघतात. पण दापोली तालुक्यात हे दिवस धो धो पावसाचे. वर्षभरात साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात तेव्हा भिंती ओल्या असतात, फरशी ओली असते आणि काम करणाऱ्याचे हातही ओलेच असतात.

बर्फाचा कारखाना हे केवळ एक उदाहरण. काजू प्रक्रियेचे युनिट, आंब्याचा रस काढणारा कारखाना, पिठाची गिरणी, गावाची नळपाणी योजना, नारळ-सुपारीच्या वाडीतला विहिरीवरचा पंप, अशा प्रत्येक ठिकाणी मोटार आहे आणि मोटारीशेजारी तिला चालवणारी एक पेटी आहे. ती बिघडली की वायरमनला फोन जातो. तो येतो, स्विच खाली करतो, झाकण उघडतो आणि हात घालतो. विजेच्या धक्क्याने भारतात दरवर्षी सुमारे बारा-तेरा हजार माणसे मरण पावतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची अलीकडची आकडेवारी सांगते. हे मृत्यू घरात, शेतात, रस्त्यावर आणि कारखान्यात असे सगळीकडचे आहेत. मोटारीच्या पॅनेलमध्ये मात्र धोक्याचे एक खास कारण असते. तिथे ‘बंद आहे’ असे वाटणे आणि खरोखर वीज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेटीच्या आत काय असते?

साधी मोटार थेट तारांना जोडून चालवता येत नाही असे नाही, पण ते धोक्याचे असते. म्हणून मध्ये स्टार्टर बसवतात. त्यातला मुख्य भाग म्हणजे कॉन्टॅक्टर. हिरवे बटण दाबले की आतल्या गुंडाळीत चुंबकत्व तयार होते, लोखंडी तुकडा खेचला जातो आणि तिन्ही फेजचे संपर्क जुळून मोटार सुरू होते. लाल बटण दाबले की गुंडाळीची वीज तुटते, स्प्रिंग संपर्क मागे ढकलते आणि मोटार थांबते. जोडीला ओव्हरलोड रिले असतो. मोटार जास्त प्रवाह ओढू लागली तर तो ठरावीक वेळानंतर कॉन्टॅक्टर सोडवतो.

मोठ्या मोटारीसाठी स्टार-डेल्टा स्टार्टर असतो, त्यात तीन कॉन्टॅक्टर आणि एक टायमर असतो. हल्ली अनेक ठिकाणी वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, दिसतो. खेड तालुक्यातल्या लोटे परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यांत असे अनेक स्टार्टर एकाच उंच कपाटात कप्प्याकप्प्यांनी बसवलेले असतात. प्रत्येक कप्पा ड्रॉवरसारखा बाहेर ओढता येतो. पेटी विहिरीवरची असो की कारखान्यातली, आत येणारी वीज बहुतेक वेळा तीन फेजची, ४१५ व्होल्टची असते.

मोटार थांबली, तरी वीज कुठे राहते?

पहिली जागा अगदी उघड आहे, तरी तिथेच सर्वाधिक गफलत होते. लाल बटण फक्त कॉन्टॅक्टर सोडवते. कॉन्टॅक्टरच्या वरच्या टोकापर्यंत आलेल्या तारा जिवंतच राहतात. पेटीतला स्विच खाली केला, तरी त्या स्विचच्या वरच्या टोकांवर वीज असते. ती घालवायची तर त्याच्याही मागचा, म्हणजे मीटरकडचा किंवा मुख्य बोर्डावरचा स्विच बंद करावा लागतो.

दुसरी जागा कॉन्टॅक्टरच्या पोटात. वारंवार चालू-बंद होऊन किंवा शॉर्ट सर्किटमुळे एखादा संपर्क वितळून चिकटतो. एकच संपर्क चिकटला असेल तर मोटार फिरत नाही, त्यामुळे सगळे ठीक वाटते. पण त्या एका फेजची वीज थेट मोटारीच्या टर्मिनलपर्यंत पोहोचलेली असते.

तिसरी जागा कपॅसिटर, वायरमनच्या भाषेत कंडेन्सर. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी लावलेला कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही काळ भरलेला राहतो. ड्राइव्हमध्ये तर ४१५ व्होल्टच्या पुरवठ्याचे रूपांतर आधी डीसीत होते आणि आतल्या कपॅसिटरवर सुमारे ५८५ व्होल्ट जमा होतात. ड्राइव्हचा पडदा काळा झाला, दिवा विझला, तरी हा साठा लगेच संपत नाही. म्हणूनच ड्राइव्हच्या झाकणावर ५, १० किंवा १५ मिनिटे थांबण्याची सूचना छापलेली असते. ड्राइव्ह नुसता थांबलेला असेल आणि मुख्य पुरवठा सुरू असेल, तर त्याच्या मोटारीकडच्या टोकांवरही धोकादायक व्होल्टेज असू शकते.

चौथी जागा म्हणजे दुसरीकडून आलेली वीज. पॅनेलमधले दिवे, टायमर, टाकी भरल्यावर पंप बंद करणारा फ्लोट स्विच यांना कित्येकदा वेगळ्या एमसीबीवरून पुरवठा दिलेला असतो. मुख्य स्विच बंद केला तरी या बारीक तारांत २३० व्होल्ट खेळत असतात. जनरेटर हा याच गटातला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब आडवे केले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी जनरेटर आणून जोडले जातात. जनरेटर आणि महावितरणचा पुरवठा एकावेळी एकच जोडला जाईल, अशी चेंजओव्हर स्विचची सोय नसेल, तर वीज उलट्या दिशेने वाहते. मग आपण ‘लाइट नाही’ म्हणून उघडलेल्या पॅनेलमध्ये ती पोहोचते, तशीच बाहेर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातातही पोहोचते. सौर पंपाचे तर आणखी वेगळे. त्याच्या कंट्रोलरकडे येणाऱ्या तारांत ऊन आहे तोवर वीज आहे. पॅनेलवरचा सूर्य कोणत्याही स्विचने बंद होत नाही.

पाचवी गोष्ट ऑटो स्विचची. वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ बसवतात. सगळे पंप एकदम सुरू होऊन रोहित्रावर ताण येतो, म्हणून महावितरण हे ऑटो स्विच काढायला सांगते. पण दुरुस्ती करणाऱ्यासाठी धोका अधिक थेट आहे. लाइट गेलेली असताना पेटी उघडली, हात आत असताना लाइट आली, की स्टार्टर माणसाची वाट पाहत नाही.

शरीरात काय घडते?

शॉकची तीव्रता व्होल्टवर मोजायची आपल्याला सवय आहे, पण शरीराला इजा करतो तो शरीरातून वाहणारा प्रवाह. एक मिलिअ‍ॅम्पिअरला मुंग्या येतात. साधारण १० मिलिअ‍ॅम्पिअरच्या पुढे हाताचे स्नायू असे आखडतात की पकडलेली तार सोडता येत नाही. मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असल्यामुळे हात तारेवर आणखी घट्ट बसतो. ‘करंटने धरून ठेवले’ असे आपण म्हणतो, ते खरे तर आपल्याच स्नायूंनी धरलेले असते. त्याहून जास्त प्रवाहाने छातीचे स्नायू आखडून श्वास थांबतो. ५० ते १०० मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह हातातून छातीमार्गे गेला, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होतात. ते नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही. घरातला ९ वॉटचा एलईडी दिवा ४० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास प्रवाह घेतो, हे लक्षात घेतले की हा आकडा किती छोटा आहे ते कळते.

कोरड्या, राठ कातडीचा विरोध बराच असतो. घामाने किंवा पावसाने भिजली की तो झपाट्याने घटतो आणि शरीराचा एकूण विरोध हजार ओहमच्या आसपास येतो. तेव्हा २३० व्होल्टला सुमारे २३० मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह वाहू शकतो. दोन हातांत दोन फेज आल्या तर ४१५ व्होल्ट थेट छातीतून जातात. अशा वेळी गळती पकडणारा ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा ब्रेकरही कामी येत नाही. तो जमिनीकडे जाणारी गळती ओळखतो, एका फेजकडून दुसऱ्या फेजकडे जाणारा प्रवाह त्याला नेहमीच्या भारासारखाच दिसतो.

दुसरा धोका स्पर्शाशिवायचा आहे. पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर दोन फेजमध्ये आडवा पडला, तर हवेतूनच प्रवाह वाहू लागतो. या विद्युत ज्वालेचे तापमान २० हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आहे. तांबे क्षणात वाफ होऊन अनेक पटींनी फैलावते. चेहरा, डोळे आणि हात भाजतात. राल्फ ली या अमेरिकी अभियंत्याने १९८२ मध्ये या धोक्याचे गणित मांडले, तोवर जगभर विजेची सुरक्षितता म्हणजे केवळ शॉकपासून बचाव असेच मानले जात होते.

खात्रीचा क्रम

उपाय महागडा नाही. तो एका क्रमाचा आहे आणि क्रम मोडला की त्याचा उपयोग संपतो. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षाविषयक विनियम लागू आहेत. तारांना हात लावण्याआधी त्यातली वीज काढून टाकावी आणि काम सुरू असताना चुकूनही ती परत येणार नाही अशी तजवीज करावी, हे तत्त्व आपल्या नियमांत पूर्वीपासून आहे. अमेरिकेत १९८९ मध्ये यंत्रांसाठी ‘कुलूप आणि चिठ्ठी’ची पद्धत सक्तीची झाली. तोच क्रम इथल्या भाषेत असा:

१. पॅनेलला वीज कुठून कुठून येते याची यादी करा: मुख्य पुरवठा, कंट्रोलचा पुरवठा, जनरेटर, इन्व्हर्टर, सौर.

२. आधी मोटार बटणाने थांबवा, मग मागचा स्विच खाली करा. मोटार चालू असताना साधा स्विच ओढला तर तिथेच ठिणगी उडते.

३. स्विचला कुलूप घाला. किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. फ्यूज असतील तर ते काढून जवळ ठेवा. ‘माणूस काम करतो आहे’ अशी चिठ्ठी, नाव आणि वेळ घालून लावा. दोघे काम करत असतील तर दोन कुलुपे.

४. कपॅसिटर उतरण्यासाठी थांबा. झाकणावर लिहिलेली मिनिटे घड्याळात मोजा. स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ‘ठिणगी पाडणे’ ही पद्धत नव्हे, तो अपघात आहे.

५. मीटरने तपासा. आधी वीज असलेल्या ठिकाणी मीटर चालतो का ते पाहा, मग पॅनेलमध्ये प्रत्येक दोन फेजमध्ये आणि प्रत्येक फेज ते अर्थिंग असे मोजा, ड्राइव्ह असेल तर डीसीही मोजा. शेवटी मीटर पुन्हा वीज असलेल्या ठिकाणी लावून तो मध्येच बिघडला नाही ना, हे पाहा.

६. मोठ्या जोडणीत तिन्ही फेज आणि अर्थिंग तात्पुरते एकत्र जोडा, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती माणसातून न जाता जमिनीत जाईल.

पाचव्या पायरीवर घासाघीस नको. खिशातला निऑन टेस्टर त्यासाठी पुरेसा नाही. माणूस लाकडी स्टुलावर किंवा रबरी चपलेवर उभा असेल तर टेस्टर मंद पेटतो, उन्हात तो पेटलेला दिसतही नाही. ‘पेटला नाही’ याचा अर्थ ‘वीज नाही’ असा होत नाही. दोन तारा लावलेला होल्डरचा दिवाही धोक्याचा. २३० व्होल्टचा दिवा ४१५ व्होल्टवर लावला की फुटू शकतो.

पेटी उतरवताना आणि परत बसवताना

वीज नसल्याची खात्री झाली की मगच पाना हातात घ्यायचा. तारा सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा आणि प्रत्येक तारेवर क्रमांकाची पट्टी लावावी. स्टार-डेल्टा मोटारीच्या सहा तारांपैकी दोनच आपसात बदलल्या तरी मोटार किंवा कॉन्टॅक्टर जळू शकतो. मोकळ्या झालेल्या तारांच्या टोकांना एकेक करून टेप किंवा टोपी घालावी. पेटी दुरुस्तीला गेली आणि तारा लोंबकळत राहिल्या, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी सवयीने स्विच वर करतो.

पॅनेलवर अ‍ॅम्पिअर दाखवणारा मीटर असेल, तर तो बहुतेक वेळा करंट ट्रान्सफॉर्मरला जोडलेला असतो. मोटार चालू असताना नुसता मीटर काढला आणि त्या दोन तारा मोकळ्या राहिल्या, तर त्यांच्या टोकांवर जीवघेणे व्होल्टेज तयार होते. त्या तारा आधी एकमेकींना जोडाव्या लागतात.

कप्प्याच्या पॅनेलमध्ये ड्रॉवर बाहेर आला तरी मागच्या तांब्याच्या पट्ट्या जिवंतच असतात. त्या शेजारच्या सगळ्या कप्प्यांना वीज देत असतात. त्यावरची झडप नीट बंद झाली आहे का हे पाहिल्याशिवाय मोकळ्या जागेत हात किंवा बॅटरी घालू नये. ड्रॉवर आत सारताना त्याचा स्विच बंदच हवा. अडकला तर ठोकून बसवण्याऐवजी संपूर्ण पॅनेलचा पुरवठा तोडावा.

खाऱ्या हवेतली देखभाल

किनाऱ्यावर मीठ आणि दमट हवा यांनी तांब्यावर हिरवट थर येतो, स्क्रू गंजतात, जोड सैल होतात. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. तारेचे आवरण तपकिरी किंवा ठिसूळ झालेले दिसले, तर तिथे हेच सुरू आहे असे समजावे. धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढावी. जोरदार हवा मारली की तीच धूळ आणि मीठ रिलेच्या आत जाते. कॉन्टॅक्टरचे काळे पडलेले संपर्क कानसीने घासू नयेत. त्यावरचा चांदीमिश्रित थर निघून जातो आणि संपर्क लवकर चिकटतात. ते खड्डे पडण्याइतके झिजले असतील तर संच बदलावा.

ओव्हरलोड रिलेचा आकडा मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या प्रवाहाशी जुळवावा. स्टार-डेल्टात रिले मोटारीच्या गुंडाळीच्या मार्गात बसवलेला असेल, तर पाटीवरच्या आकड्याच्या ०.५८ पट. पाटीवर १५ अ‍ॅम्पिअर असतील, तर रिले साधारण ८.७ वर. ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून आकडा वाढवणे किंवा फ्यूजऐवजी जाड तार घालणे म्हणजे आज टळलेला खर्च उद्याच्या आगीवर ढकलणे. मेगरने मोटारीचे इन्सुलेशन तपासताना ड्राइव्हच्या तारा आधी सोडाव्यात, नाहीतर ५०० व्होल्टची चाचणी ड्राइव्हलाच जाळते.

पुराचे पाणी पॅनेलमध्ये शिरले, तर प्रश्न वेगळा होतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमध्ये वाशिष्ठीच्या पाण्याने बाजारपेठ बुडाली. अशा पाण्यात बुडालेली मोटार कुशल कारागिराकडून सुकवून, तपासून पुन्हा वापरता येते. कॉन्टॅक्टर, ब्रेकर, रिले, ड्राइव्ह मात्र उन्हात वाळवून पुन्हा लावू नयेत. आतला चिखल आणि क्षार वाळल्यावरही तसेच राहतात, आणि गरज पडेल त्या क्षणी ब्रेकर उडतच नाही.

शॉक बसलाच तर

पहिले काम माणसाला ओढणे नव्हे, वीज तोडणे. स्विच सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा जाड कोरड्या प्लॅस्टिकने त्याला तारेपासून वेगळे करावे. ओल्या जमिनीवर, ओल्या काठीने ते करू नये. मदतीला धावलेलाही बळी पडतो.

माणूस हलत नसेल आणि श्वास नीट नसेल तर १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगावे आणि स्वतः लगेच छातीदाब सुरू करावा. छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. जमत असेल तर दर ३० दाबांनंतर दोन कृत्रिम श्वास; विजेच्या धक्क्यात श्वास आधी थांबलेला असू शकतो, म्हणून त्यांचे मोल अधिक. मदत येईपर्यंत थांबायचे नाही.

हर्णै ते दापोली हे अंतर सुमारे १५ किलोमीटर, तेही वळणावळणाच्या रस्त्याने. हृदय थरथरत असताना छातीदाबाशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. गाडी बोलावून उपजिल्हा रुग्णालयात पोहोचेपर्यंतच्या वेळाचे गणित यावरून मांडता येईल. त्या माणसाचा जीव तेव्हा त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतो. म्हणूनच पॅनेलवर एकट्याने काम करू नये, आणि शेजारचा माणूस छातीदाब शिकलेला असावा.

शॉक बसूनही माणूस उठून बसला, ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणाला, तरी दवाखान्यात न्यावे. कातडीवरचा डाग बारीक असतो, पण आत स्नायू भाजलेले असतात. त्यांतून बाहेर पडणारे घटक मूत्रपिंडावर आघात करतात. लघवी लालसर-काळपट झाली तर ती धोक्याची खूण आहे. हृदयाचा आलेख काढून घेणे आवश्यक असते.

मालकाच्या हाती काय?

वाचकांपैकी फार थोडे स्वतः पॅनेल उघडतील, आणि परवानाधारक वायरमनशिवाय ते कुणी उघडूही नये. पण पंप, गिरणी, कारखाना, सोसायटीची पाण्याची मोटार यांचे मालक किंवा पदाधिकारी आपल्यातलेच असतात. कुलूप लावता येईल असा स्विच, चांगला मीटर, पायाखाली रबरी मॅट, पॅनेलच्या खोलीत न गळणारे छप्पर आणि दोन माणसांची मजुरी, हे सगळे मालकाने द्यायचे असते. खोलीच्या भिंतीवर शॉकच्या प्रथमोपचाराचा तक्ता टांगणे नियमाने बंधनकारक आहे. तो धुळीने झाकलेला असेल तर पुसून एकदा सगळ्यांनी वाचावा.

आणि सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे वेळ. ‘बर्फ वितळतोय, लवकर करा’, ‘टाकीत पाणी नाही, आधी चालू करून द्या’ ही वाक्ये वायरमनला कपॅसिटर उतरण्याची दहा मिनिटे थांबू देत नाहीत. वायरमन आला की घाई करण्याऐवजी त्याला एक प्रश्न विचारावा: ‘मीटर लावून पाहिलंत का?’ त्याचे उत्तर मिळेपर्यंत पेटीत कुणाचाही हात जाता कामा नये.